डोंगर कापला कोणी?

सन 778 च्या ऑगस्टमध्ये शार्लमेन राजाचे सैन्य स्पेनमधून परतत होते. पिरनीज पर्वतातल्या रोन्सेस्वायेसच्या खिंडीत त्याची पिछाडी घेरली गेली आणि कापली गेली. घेरणारे होते त्या डोंगरातले बास्क लोक. सुमारे तीनशे वर्षांनी या लढाईवर फ्रेंच भाषेतले पहिले मोठे काव्य, ‘रोलाँचे गीत’, रचले गेले, तेव्हा बास्क त्यातून गायब झाले होते. त्यांच्या जागी मुसलमानांची अफाट फौज आली होती. सम्राटाच्या रोलाँ या सरदाराला डोंगरातल्या मेंढपाळांनी लोळवले, हे कुणाला सांगवले नसावे. हरायचेच तर शत्रूही तोलामोलाचा हवा!

त्याच खिंडीच्या उत्तर पायथ्याला आज एक पांढरी वाइन होते. तिचे नाव इरूलेगी. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्पेनच्या सीमेला खेटून असलेल्या लोअर नवार या बास्क प्रांतात इरूलेगी नावाचे काहीशे वस्तीचे गाव आहे. त्या गावाच्या नावाने आसपासच्या पंधराएक गावांतली वाइन विकली जाते. बहुतेक लाल, थोडी गुलाबी आणि त्याहून थोडी पांढरी. वाइनवर लिहिणारे या पांढऱ्या वाइनवर खूश असतात आणि लिहायला बसले की त्यांच्या लेखात हटकून एक मठ येतो. मध्ययुगातले रोन्सेस्वायेसचे धर्मगुरू, स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाच्या वाटेवरचे दमलेले यात्रेकरू, त्यांच्यासाठी डोंगरउतारावर लावलेल्या वेली, आणि तेव्हापासून अखंड चालत आलेली परंपरा. चित्र देखणे आहे, पण त्यातून बास्क शेतकरी पुन्हा एकदा गायब झाला आहे.

मठाची गोष्ट खोटी नाही. रोन्सेस्वायेसच्या मठाच्या जमिनी खिंडीच्या उत्तरेलाही होत्या आणि इरूलेगीच्या परिसरात त्या मठाने द्राक्षे लावली, हे खरे. सँ-जाँ-पिए-द-पोर या तटबंदीच्या गावातून यात्रेकरू निघत आणि सुमारे 25 किलोमीटरचा चढ पार करून मठात पोहोचत. आजही पाठीवर पिशव्या लटकावलेले हजारो लोक दरवर्षी याच वाटेने जातात. अशा गर्दीला वाइन लागणारच. पण त्या काळी हा सगळा मुलूख द्राक्षांनी डवरला होता, अशी समजूत करून घेऊ नये. बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी लिहिलेली एक लॅटिन मार्गदर्शिका उपलब्ध आहे. एमरी पिको या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावर ती सांगितली जाते. बास्क प्रदेशाबद्दल तिचा लेखक म्हणतो की इथे भाकरी आणि वाइन यांची वानवा आहे, सफरचंदे, त्यांची दारू आणि दूध मात्र मुबलक. बास्क लोकांबद्दल तो इतके वाईटसाईट लिहितो की त्याला वाटेत कुणीतरी चांगलेच लुबाडले असावे. तरीही वाटसरूच्या सोयीसाठी त्याने काही बास्क शब्दांची यादी दिली आणि त्यात वाइनचा शब्द आठवणीने घातला.

पुढचा इतिहास तर अखंड परंपरेच्या कल्पनेला सुरुंग लावणाराच आहे. 1512 मध्ये स्पेनने नवारचे राज्य जिंकले. डोंगराच्या उत्तरेकडचा तुकडा काही वर्षांनी स्पेनने सोडून दिला आणि तो पुढे फ्रान्सच्या पदरात पडला. 1659 मध्ये पिरनीजच्या तहाने या सीमेवर शिक्का बसला. मठ सीमेच्या दक्षिणेला राहिला आणि त्याचे मळे उत्तरेला. मठाचा हात सुटला आणि वेली गावकऱ्यांकडे आल्या. म्हणजे ज्या धर्मगुरूंच्या नावाने बाटली खपते, त्यांचा या डोंगराशी संबंध साडेतीन शतकांपूर्वीच संपला होता.

मग एकोणिसावे शतक उजाडले आणि अमेरिकेतून एकामागून एक संकटे आली. आधी भुरी हा रोग आला, मग वेलीच्या मुळांवर जगणारा फिलॉक्सेरा हा किडा आला आणि त्याच्या पाठोपाठ डाऊनी हा आणखी एक रोग. नाशिक-सांगलीच्या बागाइतदाराला यातली दोन नावे कौटुंबिक शत्रूंइतकी ओळखीची आहेत. डाऊनीवर तो जे बोर्डो मिश्रण फवारतो, मोरचूद आणि चुन्याचे, त्याचा शोध याच नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, बोर्डोच्या मळ्यांत 1880 च्या दशकात लागला. फिलॉक्सेरावर मात्र फवारणीचा उपाय नव्हता. अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपी वेलीचे कलम बांधणे, एवढाच मार्ग होता. म्हणजे जुनी बाग मुळासकट उपटायची, नवे खुंट विकत आणायचे आणि तीन-चार वर्षे पिकाविना काढायची. बोर्डोच्या सावकारांना ते परवडले. चार गाई, पन्नास मेंढ्या आणि उतारावरचा वेलींचा पट्टा एवढीच मालमत्ता असलेल्या बास्क घराला ते परवडणारे नव्हते.

त्यातच बास्क घराची एक रीत होती. घर आणि जमीन फुटू द्यायची नाही, सगळे एकाच अपत्याकडे जाणार, बहुधा थोरल्याकडे, मग तो मुलगा असो की मुलगी. बाकीच्यांनी चर्चमध्ये जावे, नाही तर जहाज पकडावे. लाखांनी बास्क तरुण अर्जेंटिना, उरुग्वे, कॅलिफोर्निया, नेवाडा इथे गेले. त्यातल्या पास्काल आरियाग नावाच्या एका बास्क माणसाने 1870 च्या दशकात उरुग्वेमध्ये साल्तो शहराजवळ तान्ना जातीची द्राक्षे लावली. इरूलेगीची लाल वाइन ज्या काळ्याभोर, तुरट द्राक्षाची होते तेच हे द्राक्ष. उरुग्वेमध्ये लोक त्याला कित्येक वर्षे आरियागच्याच नावाने ओळखत आणि आज ते त्या देशाचे मानाचे द्राक्ष आहे. मायदेशी वेली वाळत होत्या आणि अटलांटिकच्या पलीकडे त्याच वेलींचे एका देशाच्या ओळखीत रूपांतर होत होते. त्यानंतर पहिल्या महायुद्धाने उरलेसुरले हात नेले. विसाव्या शतकाच्या मध्याला इरूलेगीची वाइन म्हणजे घरच्या पिंपातली, घरच्या जेवणाची आणि फार तर बाजाराच्या दिवशी खानावळीत विकायची वस्तू उरली होती.

या वाइनचा खरा जन्म मठात झाला नाही. 1952 साली गावातल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, तिथे तो झाला. मराठी वाचकाला हे साल ऐकून काही आठवेल. 1950 च्या सुमारास इकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहत होता. दोन्हीकडचे प्रमाण वेगळे, पीकही वेगळे, पण अडचण एकच होती. एकट्या शेतकऱ्याला माल टिकवता येत नाही, यंत्र घेता येत नाही आणि व्यापाऱ्यासमोर भाव मागता येत नाही. इरूलेगीच्या मंडळींनी सँतेत्येन-द-बैगोरी या गावात एकत्र रस काढायची, आंबवायची आणि बाटलीत भरायची सोय केली. मालाला आधी दुय्यम दर्जाचे सरकारी नाव मिळाले आणि 1970 मध्ये ‘एओसी’, म्हणजे नियंत्रित उगमनाम. आजही या टापूतली निम्म्याहून अधिक द्राक्षबाग सहकारी संस्थेच्या सुमारे चाळीस सभासदांकडे आहे.

‘एओसी’ हा फ्रेंच कायद्याचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. गावाचे नाव लावायचे तर कोणत्या शिवारातली द्राक्षे, कोणत्या जाती, हेक्टरी किती उत्पन्न, छाटणी कशी, हे सगळे ठरलेले असते. शेतकऱ्याला ते कधी कधी जाचक वाटते. पण या जाचानेच इरूलेगीला वाचवले, असे म्हणायला हरकत नाही. नियम नसते तर खालच्या सपाट, ओलसर शेतांत वाटेल ती जास्त पिकणारी जात लावून स्वस्त वाइन काढणे सोपे होते आणि डोंगरावर कुणी चढले नसते.

आता पांढऱ्या वाइनकडे येऊ, कारण परंपरेच्या गोष्टीला सर्वात मोठा छेद तीच देते. सहकारी संस्थेची पहिली तीन दशके जवळजवळ पूर्णपणे लाल आणि गुलाबी वाइनची होती. पांढरी जुन्या काळी होत असे, पण ती मागे पडली होती. ती परत आली 1980 च्या दशकात. म्हणजे आज आपण जिला प्राचीन बास्क वारसा म्हणून दाद देतो, ती वाइन वयाने ‘शोले’पेक्षा लहान आहे. एतिएन ब्राना हे सँ-जाँ-पिए-द-पोरचे वाइनचे व्यापारी. त्यांनी 1974 मध्ये पेअर फळांची दारू गाळायची भट्टी सुरू केली होती. पुढच्या दशकात त्यांनी आणि त्यांचा मुलगा जाँ याने शेजारच्या इस्पूरच्या डोंगरावर स्वतःच्या वेली लावल्या आणि पांढऱ्या द्राक्षांवर मुद्दाम जोर दिला. त्याच सुमारास सहकारी संस्थेचे काही तरुण सभासद बाहेर पडून स्वतःच्या नावाने बाटल्या भरू लागले. इलारिया, अरेचेआ अशी नावे आज वाइनच्या जाणकारांना ठाऊक आहेत, ती या फाटाफुटीतून आली. सहकारी संस्थेनेही मागे न राहता स्वतःची पांढरी काढली. फाटाफूट म्हटले की आपल्याकडे संस्था बुडण्याची वाट पाहिली जाते. इथे दोघेही टिकले, हे त्यांचे विशेष.

आणि डोंगर? वाइनच्या माहितीपत्रकांत हिरव्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते, हे शेकडो वर्षांच्या कष्टांनी झाले. यातल्या पुष्कळशा पायऱ्या गेल्या चाळीसेक वर्षांतल्या आहेत आणि त्या बुलडोझरने कापलेल्या आहेत. उतार इतका तीव्र की त्यावर ट्रॅक्टर उलटावा. म्हणून यंत्राने कड्याला समांतर अरुंद पट्टे काढले, प्रत्येक पट्ट्यावर वेलींची एखाददुसरी रांग बसवली आणि मधला बांध गवताला सोडून दिला, म्हणजे पावसात माती धरून राहील. हे ऐकून कुणाचा भ्रमनिरास होत असेल तर होऊ द्यावा. मठवासी धर्मगुरूपेक्षा कर्ज काढून बुलडोझर भाड्याने आणणारा शेतकरी कमी रम्य का मानावा? त्याने तर बँकेचे हप्तेही फेडले.

पायऱ्या दक्षिणेकडे तोंड करून कापल्या, याला कारण आहे. अटलांटिक महासागर इथून जवळ, त्यामुळे वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय तो चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, बाराही महिने येत-जात राहतो. द्राक्षाला याहून वाईट हवा कुठली? पण शरद ऋतूत दक्षिणेकडून, स्पेनच्या बाजूने, वारा सुटतो. डोंगर चढताना तो आपला ओलावा पलीकडेच सोडतो आणि अलीकडे उतरताना कोरडा नि उबदार होतो. सह्याद्री ओलांडून महाबळेश्वरहून वाईकडे आलेल्या वाऱ्याचे जे होते तेच. हा वारा ओले घड वाळवतो, साखर वाढवतो आणि तोडणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरपर्यंत लांबवायला मुभा देतो. उतारावर पाणी थांबत नाही आणि सूर्याकडे कललेल्या पायरीला ऊन जास्त मिळते. डोंगर कापणे ही हौस नव्हती. सपाटीवर हे द्राक्ष पिकलेच नसते.

द्राक्षेही या हवेला पुरून उरणारी निवडली आहेत. ग्रो माँसेंग, पेती माँसेंग आणि पेती कुर्बू या तीन जातींच्या मिश्रणातून इरूलेगीची पांढरी होते. माँसेंगच्या मण्याची साल जाड असते, त्यामुळे तो पावसात लवकर सडत नाही. त्याचा दुसरा गुण अधिक विलक्षण आहे. बहुतेक द्राक्षांत साखर वाढली की आंबटपणा उतरतो. माँसेंगमध्ये दोन्ही एकदम चढलेले राहतात. शेजारच्या जुराँसाँ भागात पेती माँसेंगचे घड हिवाळ्याच्या तोंडापर्यंत वेलीवरच सुरकुतू देतात आणि त्यांची गोड वाइन करतात. 1553 मध्ये जन्मलेल्या चौथ्या आँरी राजाच्या ओठांना बारशाला लसूण आणि जुराँसाँची वाइन लावली होती, अशी आख्यायिका फ्रान्समध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असते. हाच आँरी पुढे लोअर नवारचाही राजा होता. त्याच्या या डोंगरी मुलखात मात्र तेच द्राक्ष गोड न करता कोरडे आंबवतात. कुर्बू हा तिसरा भिडू. सीमेपलीकडच्या स्पॅनिश बास्क किनाऱ्यावर चाकोली नावाची हलकी, आंबटसर वाइन करतात, तिच्या द्राक्षकुळाशी कुर्बूचे नाते लागते. गेतारियाच्या दारूघरांत ही चाकोली हात उंच करून वरून धार धरत पेल्यात ओततात. इरूलेगीवर तो प्रयोग करू नये, ती अधिक भारदस्त आहे.

चव कशी? पहिल्या घोटाला चकोतऱ्याची फोड चावल्यासारखा झणका, मागून पिकल्या जर्दाळूचा आणि थोडा मधाचा भास, आणि शेवटी जिभेवर राहणारा खारटपणा. गोडीचा वास येतो आणि गोडी सापडत नाही. ही हुलकावणी हा तिचा सर्वात मोठा आनंद आहे. त्याच डोंगरात चरणाऱ्या मानेश मेंढ्यांच्या दुधाचे ओसो-इराती नावाचे चीज होते. त्याला 1980 मध्ये स्वतःचे नियंत्रित नाव मिळाले. चीजसोबत लालच वाइन हवी, असे मानणाऱ्यांनी हे चीज आणि ही पांढरी वाइन एकदा शेजारी ठेवून बघावी.

अरेचेआ या मळ्याने काही वर्षांपासून आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. लालसर वालुकाश्म, शिस्ट आणि ओफाइट हा जुना हिरवट अग्निजन्य खडक, अशा तीन दगडांवरच्या पांढऱ्या वाइन त्यांनी वेगवेगळ्या बाटल्यांत भरल्या. एकाच डोंगररांगेत, हाकेच्या अंतरावर. दगडाची चव थेट वाइनमध्ये उतरते, असे विज्ञान म्हणत नाही. पण दगडानुसार पाण्याचा निचरा, मातीची ऊब, मुळांची खोली बदलते आणि घड वेगळा पिकतो, हे खरे. शिवाय हा मळा रासायनिक औषधांशिवाय चालतो. कोरड्या हवेच्या दक्षिण फ्रान्समध्ये सेंद्रिय द्राक्षबाग करणे आणि दीड हजार मिलिमीटर पावसात करणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सेंद्रिय शेतकऱ्यालाही डाऊनीसाठी तांबेच फवारावे लागते आणि युरोपी संघाने त्यावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. पावसाने एक फवारणी धुऊन नेली की दुसरी करायची आणि उरलेल्या किलोंचा हिशेब लावत बसायचे. पायरीवर ट्रॅक्टर जात नसेल तर पाठीवर पंप घेऊन.

या वाइनने एका बड्या माणसालाही डोंगराकडे ओढून आणले. जाँ-क्लोद बेरुए यांनी 1964 पासून चार दशकांहून अधिक काळ बोर्डोजवळच्या पेत्र्युसची वाइन घडवली. पेत्र्युस ही जगातल्या सर्वात महागड्या लाल वाइनपैकी एक. या गृहस्थांचे मूळ बास्क. त्यांनी इरूलेगीत छोटासा मळा केला आणि तिथल्या पांढऱ्या वाइनला आपले नाव जोडले. आयुष्यभर लाल मर्लोचा अभ्यास केलेल्या माणसाला पूर्वजांच्या मुलखात पांढऱ्या द्राक्षाने भुरळ घालावी, हे प्रशस्तिपत्र कुठल्याही पदकापेक्षा वजनदार आहे.

मग ही वाइन स्वस्त का नाही, असा प्रश्न येतो. सगळ्या इरूलेगीची द्राक्षबाग मिळून सव्वादोनशे ते अडीचशे हेक्टर, म्हणजे फार तर सहाशे-सव्वासहाशे एकर. बोर्डोमध्ये हाच आकडा एक लाख हेक्टरच्या आसपास आहे. सपाटीवर एक यंत्र दिवसाला जेवढी तोडणी करते, तेवढीच पायऱ्यांवर करायची तर माणसांची टोळी लागते. तरीही एकूण पाहता इरूलेगीची पांढरी तिच्या कष्टांच्या मानाने स्वस्तच आहे. नावाजलेल्या बरगंडीच्या एका बाटलीच्या पैशात तिच्या कित्येक येतात. भारतात मात्र परदेशी बाटलीवर वर्षानुवर्षे 150 टक्के आयातशुल्क राहिले आणि एवढ्याशा मळ्याच्या बाटल्या मुंबई-पुण्याच्या दुकानांत सहज दिसतील अशी स्थिती नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने आहे. फ्रेंच माणूस 1960 च्या दशकात वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन पीत असे, आता चाळीस लिटरच्या आसपास पितो. त्यातही लाल वाइनचा खप सर्वाधिक घसरला. बोर्डोमध्ये तर 2023 पासून शेतकऱ्यांना वेली उपटायला सरकारी पैसे मिळू लागले. अशा काळात चाळीस वर्षांपूर्वी काही हट्टी लोकांनी डोंगरावर पांढरी द्राक्षे लावली, हे दूरदर्शीपणाचे ठरले. तेव्हा मात्र ते बाजाराच्या उलट चालले होते.

हे सगळे मराठी वर्तमानपत्रात कशाला, असे कुणी विचारले तर उत्तर नाशिकला आहे. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढे रण माजले! एका बाजूला वाइन म्हणजे दारू नव्हे असा अजब युक्तिवाद, दुसऱ्या बाजूला अण्णा हजारे यांचा उपोषणाचा इशारा. शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले आणि चर्चा मात्र दुकानाच्या चौरस फुटांवर झाली. कोणत्या गावाच्या कोणत्या मातीत कोणती जात लावावी, तिथल्या वाइनवर गावाचे नाव कधी यावे आणि द्राक्ष पुरवणारा शेतकरी बाटलीचा मालक कधी होईल, हे प्रश्न कुणाच्या तोंडी नव्हते. नाशिकची हवा इरूलेगीसारखी नाही. इथे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. त्यामुळे इरूलेगीची नक्कल करण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी आहे ती चाळीस घरांनी मिळून स्वतःच्या नावाची बाटली भरण्याची पद्धत. सहकाराचा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या महाराष्ट्रात वाइनधंदा मात्र मुख्यतः कंपनी आणि करारशेती याच वाटेने वाढला, याचे आश्चर्य वाटते.

अर्थात इरूलेगीचे सगळे आलबेल आहे असेही नाही. आजचा किडा फिलॉक्सेरा नव्हे, जमिनीचा भाव आहे. बियारित्झच्या किनाऱ्यावर पॅरिस-बोर्डोच्या पैसेवाल्यांची दुसरी घरे झाली आणि तो भाव हळूहळू डोंगराकडे चढू लागला. शेतघर म्हणून असलेली इमारत सुट्टीचा बंगला म्हणून विकली की सोबतची शेतीही त्याच किमतीला जाते आणि वीस-बावीस वर्षांचा शेतकरी तिच्या जवळपासही पोहोचू शकत नाही. बास्क शेतकरी यावर गप्प बसलेले नाहीत. सरकारी कृषी मंडळ छोट्या शेतकऱ्याचे ऐकत नाही, म्हणून 2005 मध्ये त्यांनी एन्हिस-मोंजेलोस या गावी ‘लाबोरांत्सा गांबारा’ नावाचे स्वतःचे कृषी मंडळ काढले. सरकारने त्यावर खटले भरले, दावा असा की हे नाव लोकांची दिशाभूल करते. न्यायालयात शेतकरी जिंकले. ‘लुर्साइंदिया’ ही त्यांचीच एक संस्था लोकांकडून भागभांडवल गोळा करून शेतजमीन विकत घेते आणि कसणाऱ्याला भाड्याने देते, जेणेकरून ती पुन्हा सट्ट्याच्या बाजारात जाऊ नये. 2021 मध्ये किनाऱ्याजवळच्या आर्बोन गावात अवाच्या सवा किमतीला निघालेल्या एका शेतावर कार्यकर्त्यांनी महिनोन् महिने ठाण मांडले होते.

इरूलेगीच्या पायऱ्यांवर आता 1980 च्या दशकात वेली लावणाऱ्यांची मुले काम करू लागली आहेत. काही घरांत ती आहेत, काही घरांत नाहीत. जिथे नाहीत, तिथे मळा सहकारी संस्थेतल्या शेजाऱ्याने चालवायचा की बाहेरून आलेल्या तरुणाला द्यायचा, यावर बैगोरीच्या बैठकांत बोलणी चालतात. एक पायरी दोन-तीन वर्षे मोकळी सोडली तर त्या पावसात तिच्यावर नेचे आणि काटेरी झुडपे माजतात आणि मग पुन्हा बुलडोझर बोलवावा लागतो. त्याचा खर्च कोणी करायचा, हा बैठकीतला पुढचा विषय.